घरटी एक माणूस

अलिबाग, १२ नोव्हेंबर

दादा,

मायना दोनदा खोडला. तिसऱ्यांदा खोडला तर कागद फुकट जाईल, म्हणून नुसतं दादा.

फोन तू उचलत नाहीस. केसरवहिनी उचलते आणि 'ते शेतावर हायत' म्हणते. शेतात तर गुडघाभर खारं पाणी आहे. तिथे तू करतोस काय, हे जिभेवर येतं, पण तिला बिचारीला कशाला कोंडीत पकडा? अलिबागहून वेळखारला एसटीने अर्धा तास लागतो आणि पत्राला चार दिवस. पत्रच बरं. भांडण जरा निवून पोचतं.

तुझा निरोप आपल्या गावच्या धर्माने पोचवला. भरबाजारात, हातातली मेथी सांभाळत. "तुळशीरामभाऊ म्हनतो, टीव्हीवर तिवरांची पूजा करतंय त्या बाईला सांग, आमच्या शेतात पन उगवलीत. नारल घेऊन ये." मेथीवाली हसली. मीही हसले. मग घरी आल्यावर हसायला आलं नाही.

मी पूजा करत नव्हते. आमदारांच्या मागे उभी राहून त्यांना पुढचं वाक्य सांगत होते. तेच माझं काम. किनारा हरित पक्षाची पत्रकं लिहायची, भाषणं लिहायची आणि भाषण झालं की 'साहेब तसं म्हणालेच नव्हते' हा खुलासाही लिहायचा. पक्ष केवढा, ते तुला ठाऊक आहे. आमदार एक. चिन्ह म्हणून खेकडा मागितला होता, आयोगाने इस्त्री दिली. दोन मोठे पक्ष एकमेकांची मतं कापत बसले आणि त्यांच्या मधून आमची इस्त्री फिरली. गणराजसाहेब निवडून आले तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का त्यांनाच बसला होता. गुलाल पुसायला त्यांच्याकडे रुमालसुद्धा नव्हता.

आता मुद्द्याचं. गणपतीतल्या उधाणाला वेळखारच्या बांधाला खांड पडली आणि समुद्र भातात शिरला. भात गेलं. पाठोपाठ तिवरांची रोपं आली, कारण खारं पाणी आणि चिखल मिळाला की त्यांना आमंत्रण लागत नाही. मग वनखात्याचा माणूस आला आणि सांगून गेला की ही खारफुटी आहे, तोडायची नाही आणि बांधालाही हात लावायचा नाही. म्हणजे वेळखारच्या साऱ्या खाचरांचं हळूहळू जंगल होणार आणि तुम्ही ते काठावर बसून बघणार.

आमचा पक्ष म्हणतो, खारफुटी वाचली पाहिजे. तू म्हणतोस, शेत वाचलं पाहिजे. दादा, मला दोन्ही पटतं. पक्षात सांगितलं तर मी फितूर. तुला सांगितलं तर ढोंगी. म्हणून कोणालाच सांगत नाही, फक्त लिहिते.

जुनं भांडण ह्यात ओढू नकोस. बाबा गेले तेव्हा साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून आलं. साडी मी नेसले, कागद तसाच राहिला. त्या जमिनीतलं मला ढेकूळ नको होतं, आजही नको. मग सही का केली नाही, असं तू धर्माकरवी विचारलं होतंस.  मला एकदा विचारलं असतंत तर कदाचित तिथल्या तिथे केली असती. कदाचित नसतीही.

वहिनीला नमस्कार. तुझ्या स्वराजचं जहाज सध्या कुठे आहे?

किशोरी


अलिबाग, २१ डिसेंबर

दादा,

गोष्ट अशी घडली आहे की माझाच विश्वास बसत नाही, तुझा कुठून बसणार.

नागपुरात अधिवेशन चालू होतं आणि सरकारला एक मत कमी पडत होतं. एकच. एका मंत्र्यांनी गणराजसाहेबांना न्याहारीला बोलावलं आणि पोह्यांवर लिंबू पिळता पिळता विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" आपल्या साहेबांना आजवर हे कोणी विचारलेलंच नाही. घरात जेवायला काय करू, एवढंही कोणी विचारत नाही. ते गोंधळले आणि म्हणाले, "विचारून सांगतो." मंत्र्यांना वाटलं, माणूस फार खोल आहे. दुपारी दुसऱ्या मंत्र्यांचा फोन आला, संध्याकाळी तिसऱ्यांचा. आमचे साहेब प्रत्येकाला खरंच विचारून सांगतो म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी आमचा भाव वाढत गेला.

विचारायचं म्हणजे आम्हाला. आम्ही म्हणजे येसाजी सर, ते पक्षाचे अध्यक्ष आणि निवृत्त शिक्षक. प्रणाली, ती खारफुटीचा अभ्यास करते. आणि मी. बैठक येसाजी सरांच्या ओटीवर झाली. प्रणाली म्हणाली, सगळी खारफुटी जंगल म्हणून जाहीर करा, बांधाच्या आत-बाहेर काही बघू नका. ती थळच्या कोळ्याची मुलगी आहे. माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढतात, तिवर गेली की तिच्या बापाचं जाळं हलकं होतं. सर म्हणाले, मग शेतकऱ्याने काय मुळं खायची? ती म्हणाली, मग कोळ्याने काय पेंढा खायचा? अर्धा तास असंच चाललं. दोघांनाही माझ्याकडे बघून वाटत होतं की मी आपल्या बाजूची आहे.

मला बाबांचं आठवलं. बाहेरच्या तिवरांना ते कधी कोयता लावू द्यायचे नाहीत. लाट तिवरांत मोडते, मग बांधाला लागते, असं म्हणायचे. आत उगवलेलं रोप मात्र चिमटीने उपटायचे. म्हणजे बाबा आमच्या पक्षाचे होते की तुझ्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेच मी अर्ध्या कागदावर लिहिलं. बांधाबाहेरची खारफुटी राखायची. बांधाच्या आतलं शेत हे शेतच धरायचं. जिथे गावाचा जोळ, म्हणजे सगळ्या घरांनी मिळून बांध राखायची रीत, अजून जिवंत आहे, तिथे खांड गावानेच बुजवायची, हाताने, चिखलाने. यंत्र नको, ठेकेदार नको, नाहीतर जमिनी घेऊन ठेवलेले मुंबईचे शेठ उद्या पोकलेन लावून 'आमचाही जोळ' म्हणतील. बाबांच्या वेळी जोळ निघायचा तसा. घरटी एक माणूस.

सगळ्यांना पटलं. प्रणालीला पहिलं वाक्य पटलं, सरांना दुसरं. साहेबांना कागद अर्धाच आहे हे पटलं. ते तो खिशात घालून नागपूरला गेले, मंत्र्यांच्या हातात दिला आणि मत देऊन आले. सरकार वाचलं. आम्ही वाचवलं म्हणे. नेमकं काय वाचवलं, ते विचारू नकोस.

पण दादा, बांध बांधता येईल. एवढं नक्की.

किशोरी


अलिबाग, २७ जानेवारी

दादा,

काल धोरण जाहीर झालं. अलिबागेत फटाके वाजले. एका बाजूला खारफुटीवाल्यांनी वाजवले, जंगल वाचलं म्हणून. पलीकडे शेतकरी संघटनेने वाजवले, शेती वाचली म्हणून. मधे पोलीस उभे होते, त्यांना कोणाला अडवायचं ते समजेना. रात्री गणराजसाहेबांचा दोन्हीकडे सत्कार झाला. शाली सारख्याच दुकानातल्या होत्या.

मी घरी येऊन धोरण वाचलं. बहुतेक ते वाचणारी मी पहिलीच.

माझा अर्धा कागद त्यात आहे. बाहेरची खारफुटी आहे, आतलं शेत आहे, हात आहेत, चिखल आहे, 'जोळ' हा शब्दसुद्धा आहे, अवतरणचिन्हांत घातलाय, जणू चावेल. पण 'घरटी एक माणूस' कुठे नाही. त्या जागी असं आहे: 'बंदिस्तीच्या आतील क्षेत्राच्या सातबारा उताऱ्यावरील प्रत्येक खातेदाराने कामाच्या दिवशी जातीने हजर राहून श्रमदान करणे बंधनकारक राहील.' मयत असेल तर त्याचे सगळे वारस. काम दरवर्षी एकतीस मेच्या आत, एकाच दिवशी. आणि एकही खातेदार गैरहजर राहिला तर जोळ अस्तित्वात नाही असं समजून बांधाच्या आतलं सगळं क्षेत्र वनाखाली घेण्यात येईल.

मसुदा ज्यांनी लिहिला त्या अधिकाऱ्यांना मी फोन केला. फार सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, घर ही महसुली संज्ञा नाही. माणूसही नाही. खातेदार आहे." मी म्हटलं, अहो, आमच्याकडे सातबाऱ्यावर अजून मेलेले आजे आहेत, सासरी गेलेल्या आत्या आहेत, बोरिवलीला राहून गावचं नावही न घेणारे चुलते आहेत. ते म्हणाले, "मग लोकसहभाग किती व्यापक होईल बघा." टोमणा होता की खरंच तसं वाटत होतं, मला कळलं नाही. यंत्र आणि ठेकेदार बाहेर ठेवायचे तर मालकालाच उभं करायला हवं, असंही म्हणाले. ते तर माझंच म्हणणं होतं. मी माझ्याशीच फोनवर भांडत होते.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "किशोरीताई, पहिल्यांदाच आपलं धोरण आलंय, लगेच विरोध केला तर कसं दिसेल?"

तर आता वेळखारच्या बांधाचं असं आहे. सगळ्या गावाची खाचरं एकाच बांधाच्या आत. धर्माच्या सातबाऱ्यावर तर यात्रा भरेल एवढी नावं. आपल्यावर दोनच. तू आणि मी. मी आले नाही तर तुझंच नाही, गावाचं सगळं शेत जंगलात जाणार.

हे मी मुद्दाम केलं, असं तू म्हणशील. केलं नाही. पण केलं असतं तर ह्याहून बरं जमलं नसतं, हेही खरं.

किशोरी


अलिबाग, १६ मार्च

दादा,

काल केसरवहिनी येऊन गेली. तू तिला पाठवलंस, असं ती म्हणाली. मी स्वतःहून आले, असंही ती म्हणाली. दोन्ही एकाच चहात.

आधी बाहेरची हवा सांगते, कारण तालुक्यात सध्या बहिणींचा हंगाम चालू आहे. ज्या भावांनी वर्षानुवर्षं भाऊबीजसुद्धा फोनवर उरकली ते सुक्या बोंबलाची पुडकी घेऊन दारोदार फिरताहेत. आपल्या गावच्या सुजितने काल चोंढीच्या बहिणीकडे आख्खी सुरमई नेली. ती म्हणाली, हिचं डोकं ठेवून जा, बाकी येईन की नाही ते कळवते. धर्मा काशीदला त्याच्या नीराबाई आत्याकडे गेला. आत्या ऐंशीच्या पुढे. तिने विचारलं, "मेल्या, माझं नाव अजून हाय त्या कागदाव? मला वाटलं, कवाच पुसलंत." आणि मग म्हणे बराच वेळ तिचा हसण्याचा ठसका गेला नाही. ज्यांनी लग्नाच्या साली हक्कसोड करून दिली, त्यांच्याकडे मात्र कोणी फिरकत नाही. आमच्या शेजारची कमळ त्यांतली. रोज जिन्यात विचारते, तुमच्याकडे आला का हो भाऊ?

तर मला सांगायचं होतं, नाही आला. वहिनी आली, आणि पिशवीतून तोच कागद निघाला. नवा टाईप केलेला. साडी नव्हती ह्या वेळी. ती बरीक मला आवडली, साडी नसल्याची गोष्ट.

वहिनी म्हणाली, सही करून टाका, नाव उतरलं की तुम्हाला यायचा तरास न्हाय. मी म्हटलं, मला त्रास नाही, मी येते, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तेव्हा तिने बशीतला चहा संपवला, बशी पुसली. मग म्हणाली:

"वन्स, तुम्ही नको असं त्यांचं न्हाय. तुम्ही आल्यात तर इनेश वाटा मोजील. आपल्या घराला एक वाटा असतो. दोन मानसं दोन नावांनी हुबी ऱ्हायली तर दोन वाटं पडतात. मंग गाव म्हनंल, घर फुटलं. सासऱ्यांच्या माघारी ह्यांनी तेवडंच राखलंय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, दादा. सातबाऱ्यावर आपण दोघं असलो तरी बांधावर बाबांच्या घराचा वाटा एकच राहिला. जोळात विनेश प्रत्येक घराला बांधाचा आपला तुकडा मोजून देतो, मधे खुंट ठोकतो, आणि कोणत्या घरात फूट पडली ते गावाला तिथेच समजतं. सदूचं आणि त्याच्या भावाचं तसंच झालं होतं ना. कोर्टात अजून काही नव्हतं, पण बांधावर दोन खुंट पडले आणि त्या दिवसापासून दोघांच्या बायकांनी विहिरीवरच्या वेळा बदलल्या. मी हे सगळं बघून मोठी झाले. धोरण लिहिताना ते आठवलं नाही. आठवली फक्त चिखलाची मजा.

आता माझा गोंधळ बघ. सही केली तर तुझं घर एक राहतं आणि मी त्या घरातली नाही, असं मीच लिहून देते. सही न करता आले तर शेत वाचतं आणि तुझ्या डोळ्यांसमोर मधे खुंट पडतो. न आले तर शेतच जातं. वहिनीला म्हटलं, कागद ठेवून जा. ती म्हणाली, फेरफाराला दिवस लागतात, लवकर काय ते करा. आणि जिन्यात थांबून म्हणाली, "मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला म्हाईत न्हाय." इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच आवडली. हे तिला सांगू नकोस.

तू काय ते एकदा तुझ्या तोंडाने सांग. शिवी दे, चालेल.

किशोरी


अलिबाग, ४ मे

दादा,

तू काही कळवलं नाहीस. सही मी केलेली नाही. आता केली तरी नाव उतरायला वेळ उरलेला नाही, हे तलाठ्याकडे विचारून आले. मी त्यासाठीच थांबले होते का, हे मला विचारू नकोस. 

विनेशने भांगाचा दिवस धरला आहे, भरतीचं पाणी सगळ्यांत कमी चढेल तो. शनिवारी सकाळी मी येते. माहेरी बोलावल्याशिवाय जाऊ नये म्हणतात. मी माहेरी येत नाही, बांधावर येते. परस्पर येईन, परस्पर जाईन.

प्रणालीही येणार आहे. तिला कोणी काही बोलू नये एवढं बघ.

किशोरी


अलिबाग, २५ मे

दादा,

तू तिथेच होतास, तरी लिहिते. तू दिवसभर मान वर केली नाहीस, त्यामुळे अर्धं तू पाहिलेलंच नाही.

सकाळी बांधावर बायकाच बायका होत्या. पदर खोचलेल्या, कोणी मुलीचा पंजाबी ड्रेस घालून आलेल्या. धर्माचे बोरिवलीचे चुलते पांढरे बूट घालून आले होते. त्यांच्याकडून पहिल्याच पावलाला चिखलाने एक बूट मागून घेतला. नीराबाई आत्या टेम्पोतून आली, प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट. पाहणी अधिकारी म्हणाले, आजींनी प्रत्यक्ष श्रमदान करायला हवं, फोटो लागतो. आत्याने चिखलाचा एक गोळा घेतला, खांडीत टाकला आणि म्हणाली, "साहेब, ल्हानपनी हितं चिखल तुडवून पाय सोलले, तवा कुटं व्हतास फोटू काडायला?" मग ती खुर्चीवर बसून सगळ्यांना कामं सांगत राहिली आणि सगळ्यांनी ऐकली.

प्रणाली आत उगवलेली रोपं उपटून पिशव्यांत भरत होती, बांधाबाहेर लावायला. धर्माच्या बायकोने टोमणा मारला, "आमची पोरं सोडून हिची पोरं सांबाळा आता." प्रणाली म्हणाली, "मोठी झाली की तुमचाच बांध सांभाळतील, मावशी." थोड्या वेळाने बघते तर धर्माची बायको तिची पिशवी धरून उभी. दोघींचं पटलं असं नाही. पण पिशवी धरली होती.

मग विनेश बांबूने वाटे मोजत आपल्यापाशी आला. हातात सरकारची यादी. त्याने तुझं नाव वाचलं, माझं वाचलं आणि थांबला. "तुळशीराम, दोन नावं हायत. वाटं दोन करू का येक?" तू ऐकलं नाहीस असं दाखवलंस, पण बांधावरची सगळी घमेली थांबली होती.  तू काहीच बोलेनास म्हणून विनेशने आपला मधोमध खुंट ठोकला. चूक त्याची नाही, यादीत दोन नावं होती.

त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की मी सही करायला हवी होती.

तू आलास. खुंट उपटलास. मला वाटलं, आता फेकशील. तू तो खांडीत आडवा दाबलास आणि वर चिखल टाकलास.

"भरावात लाकूड लागतं," म्हणालास, विनेशला. आणि माझ्याकडे न बघता, "पायाखाली बघून उभी ऱ्हा."

एवढंच. दिवसभरात तू माझ्याशी तेवढंच बोललास.

अधिकाऱ्यांना ते चालेना. दोन खातेदार, दोन वाटे हवेत, नोंद कशी करायची, म्हणाले. वहिनी चिखलाच्या हातांनी त्यांच्यासमोर उभी राहिली. "येकाच आयचं हायत, ल्हिवा." त्यांनी 'संयुक्त' असं लिहिलं. आईला सरकारदरबारी काय म्हणतात, ते त्यामुळे समजलं.

दुपारी तुझा पाय रुतला. गुडघा वाकेना. तुझा तो गुडघा इतका गेलाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हात पुढे केला. तू आधी वहिनीकडे बघितलंस, मग हाताकडे, मग धरलास. वर आल्यावर लगेच सोडलास आणि पाठ फिरवलीस. मी त्यावरून काय समजायचं, ते अजून ठरलं नाही. घरी ये म्हणाला नाहीस, आणि मीही परस्पर निघाले, ठरल्यासारखी. पण बांध भरला होता. संध्याकाळच्या भरतीला पाणी बाहेरच्या तिवरांत आलं, बांधाला टेकलं आणि तिथेच राहिलं. हे मला धर्माने फोनवर सांगितलं.

तो कागद मी वहिनीला परत दिला, बिनसहीचा. तिने चुलीत घातला की गादीखाली ठेवला, तिलाच विचार.

आता दुसरं. गेल्या आठवड्यात गणराजसाहेब मोठ्या पक्षात गेले. महामंडळ मिळालं. किनारा हरित पक्षात आता येसाजी सर, प्रणाली आणि इस्त्री उरली आहे. त्याच दिवशी साहेबांचा मला फोन आला, आवाज तोच, गोंधळ थोडा कमी. सगळ्या किनाऱ्यावरून तक्रारी आल्यात म्हणे. वेळखार सोडलं तर एकाही गावाला सगळे खातेदार एका दिवशी गोळा करता आले नाहीत, आणि बांधांना मुदतवाढ देऊन नियम बदलायचा आहे. आता ते सरकारातच असल्यामुळे काम पटकन होईल. "ताई, तुमचं ते मूळ वाक्य काय होतं, तेवढं पाठवा."

पक्ष होता तेव्हा माझं वाक्य सरकारने बदललं. पक्ष गेला तर सरकार तेच वाक्य मागतंय. ह्यात जिंकलं कोण, मी दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला.

कागद समोर घेऊन मात्र बसले होते. 'प्रत्येक खातेदार' तसंच ठेवलं तर दरवर्षी खांड पडो न पडो, डागडुजीला तुला मला बोलवावंच लागेल. तू धर्माकरवी निरोप धाडशील, मी टोमणा मारून येईन, मधला खुंट तू भरावात घालशील. सरकारी खर्चाने माहेरपण. पण मग बाकीच्या गावांची शेतं जातात, आणि नीराबाई आत्याला दरवर्षी टेम्पोत घालावं लागतं. आणि खरं सांगू, तसं बोलावलेलं मला नको. बोलावलंच तर तू बोलावशील, कलम नव्हे.

म्हणून काल पाठवून दिलं. 'घरटी एक माणूस.' घर म्हणजे काय, ह्याची व्याख्या त्यांनी मागितली. मी लिहिलं, ते त्या-त्या घराने ठरवावं. सभ्य अधिकाऱ्यांना घेरी आली असेल.

म्हणजे पुढच्या वर्षी मी यायची गरज नाही, दादा. कायद्याने मी मोकळी आणि तूही.

पण स्वराज जहाजावर, वहिनीची कंबर धरलेली आणि तुझा गुडघा मी पाहिला. आपल्या घरातून एकच माणूस लागणार. तो कोण, ते ठरव. चिखलाचा गोळा कसा टाकायचा ते मला येतं. पायाखाली बघून उभी राहीन.

किशोरी